गणपूर्तीचं हळदीकुंकू

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वर्षाची सभा जवळ आली की जिन्याखाली नोटीस लागते. तिच्यात सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, दरवर्षी तेच वाक्य असतं. गणपूर्ती झाली नाही, म्हणजे सभेला लागतात तेवढी माणसं जमली नाहीत, तर सभा तहकूब होईल, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही. आमच्याकडचे लोक हुशार. ते थेट अर्ध्या तासानेच येतात. मी मात्र पहिल्या वेळेला जाऊन बसते. वॉचमन माझ्या एकटीसाठी पंखा लावतो. सेक्रेटरी, माझ्या मुलाच्या वयाचा, दरवर्षी विचारतो, "मावशी, इतक्या लवकर कशाला आलात?" मी म्हणते, "लवकर नाही रे बाबा, वेळेवर." तो हसतो. त्याला वाटतं म्हातारीला घरी करमत नाही. हसू दे बिचारा. एक सभा तहकूब झाली नाही म्हणून मी शिकले, ठाण्याला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागले आणि त्याच्या सोसायटीत फ्लॅट घेऊ शकले, हे त्याला कुठून माहीत असणार?

माझं माहेर खडवली स्टेशनला उतरून चालत पाऊण तासावर. आधी गाव लागायचं. तिथे पंचायतीची कौलारू कचेरी, देऊळ, नानांचं मोठं घर. मग उतार, उताराच्या तळाशी वहाळ, आणि वहाळापलीकडे आमचा पाडा. वीस-पंचवीस घरं असतील. उन्हाळ्यात तो वहाळ इतका गरीब, की कोंबड्या चालत पार करायच्या. आम्ही पोरं फडकी लावून त्यात मासे धरायचो नि आई त्यांचं आंबट कालवण करायची, त्यावर तांदळाची भाकरी. आहाहा! आजही आठवलं की तोंडाला पाणी सुटतं. पण आषाढ लागला की त्याच वहाळाचा आवाज रात्रंदिवस घरात येऊन बसायचा. बाबा ओरडून बोलायचे, आई त्याहून मोठ्याने उत्तर द्यायची, आणि पाव्हण्यांना वाटायचं यांचं भांडण चाललंय. मृगाआधी आई सुकट, बोंबील, वाल, मीठ, रॉकेल सगळं भरून ठेवायची, कारण त्यानंतर पाडा गावापासून तुटायचा. स्टेशनावरच्या गाडीचा भोंगा तेवढा ऐकू यायचा. त्या भोंग्यावर आई भात चढवायची, नि तोच ऐकून मी दारात येऊन उभी राहायचे, कारण ती गाडी कल्याणला जायची आणि माझं कॉलेज कल्याणला होतं.

अकरावीच्या पावसाळ्यात मी वहाळात पडले. पाणी कमरेला होतं, बाबांनी माझा हात धरलेला, तरी पाय निसटला. दप्तर गेलं, डबा गेला, एक चप्पल गेली. बाबांनी मला वेणीला धरून ओढलं. काठावर आणून त्यांनी आधी माझ्या एक थोबाडीत मारली नि मग स्वतःच रडायला लागले. बाबांना रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. बारावीच्या पावसाळ्यात त्यांनी मला कल्याणजवळ मोहन्याला मावशीकडे ठेवलं. दीड खोलीत मावशी, काका, त्यांची तीन मुलं नि मी. पुढच्या वर्षी मावशीच्या थोरल्याचं लग्न ठरलेलं, म्हणजे तिथेही जागा संपली. बाबांनी एकदा जेवताना शांतपणे सांगून टाकलं, "बारावी कर मालू. पुढचं नाही. ज्या वाटेवर पोर बुडते त्या वाटेने मी तिला रोज पाठवणार नाही." त्यांच्यावर रागावता येईना, हीच पंचाईत. राग आला तो वहाळाचा.

खरं तर वहाळावर साकव व्हावा म्हणून बाबांनीच अर्ज करून करून हात झिजवलेले. साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल, हत्तीघोडे न्यायचे नव्हते त्यावरून. अर्ज आधी तालुक्याला जायचा, मग ठाण्याला, मग मुंबईला, आणि प्रत्येक ठिकाणाहून उत्तर यायचं, की आपला अर्ज वर पाठवला आहे. बाबा ती उत्तरं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, वर म्हणजे आमच्या माळ्यावर. मी एकदा शिडी लावून बघूनही आले. तिथे भोपळे होते, अर्ज नव्हता. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पण त्यानंतर त्यांनी अर्ज लिहिणं सोडलं.

अशात गावात बातमी आली, की सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली. नाना तोवर कितीतरी वर्षं सरपंच. माणूस वाईट नव्हता हो, पण गाव म्हणजे आपलं घर आणि घरात आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं सरळ गणित. ते आमच्या ओटीवर आले, चहा प्यायले आणि बाबांना म्हणाले, "गोविंदा, वहिनींना उभं कर. चौथी शिकल्यात, सही येते. बाकी मी आहेच." बाबा नि नाना लहानपणापासूनचे दोस्त. बाबांनी मान डोलावली. आईला कुणी विचारलं नाही. ती आत वाल सोलत होती. नाना गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "सही येते ते खरं, पण मला वाचतासुद्धा येतं. हे सांगितलंत का त्यांना?"

आई सरपंच झाली नि नाना उपसरपंच. पंचायतीचा सगळा कागद ग्रामसेवक सांभाळायचा. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात, मग तो पंचवीस वर्षांचा का असेना. हे भाऊसाहेब तेवढेच होते. किडकिडीत, खिशाला दोन पेनं, अक्षर मोत्यासारखं, आणि नाना खाकरले तरी दचकायचे. एके दिवशी ते स्कूटर गावात ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वहाळातून आमच्या घरी आले ते एक परिपत्रक घेऊन. आईने त्यांना घावन नि गुळाचा चहा दिला. खाता खाता त्यांनी सांगितलं, की यंदापासून कामाचा काही निधी थेट गावाला मिळणार, आणि त्यातून काय बांधायचं ते वर विचारायचं नाही, गावानंच ठरवायचं.

"गाव म्हणजे कोण?" आईने विचारलं.

"गाव म्हणजे नाना," बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

"नाही नाही," भाऊसाहेब घास गिळत म्हणाले, "कायद्यानं गाव म्हणजे ग्रामसभा. शंभर मतदार हजर पाहिजेत. शंभर माणसं एकदा बसली ना वहिनी, की त्यांनी ठरवलेलं मी काय, वरचा साहेबसुद्धा सहजी मोडू शकत नाही."

"मग आजवर शंभर माणसं बसली का कधी?"

भाऊसाहेब चहात बघायला लागले. मग हळूच त्यांनी आमच्या गावाची रीत सांगितली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की दहा वाजता ग्रामसभा. तिला कुणीच येत नाही. अर्धा तास वाट बघायची, सभा तहकूब करायची. मग आठ दिवसांनी तहकूब सभा नानांच्या ओटीवर. तिला माणसांची अट नाही. चारजण बसतात, नाना सांगतात, भाऊसाहेब लिहितात आणि शिपाई वही घेऊन दारोदार सह्या आणतो. "इतकी सवय झाली आहे ना वहिनी," ते म्हणाले, "की तहकुबीचं वाक्य मी सकाळी आठलाच लिहून ठेवतो. नंतर गडबड नको." आणि यंदा तहकूब सभेत काय लिहायचं तेही नानांनी सांगून ठेवलेलं. गावाच्या तोंडाशी कमान. सिमेंटची, वर दोन सिंह आणि मध्ये नानांच्या वडिलांचं नाव.

आई ऐकून घेत होती. भाऊसाहेब निघताना तिने एवढंच विचारलं, "संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. सव्वीस जानेवारी त्यातच येते ना?" भाऊसाहेबांना काही कळलं नाही. मला कळलं. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसलो. मी ओढणी कोंबली.

अहो, सभेला बायका येणार नाहीत, पण हळदीकुंकवाला न येणारी बाई आमच्या पंचक्रोशीत जन्मायची होती! आईने ठरवलं, सरपंचबाईचं हळदीकुंकू यंदा घरी नाही, पंचायतीच्या अंगणात, सव्वीस जानेवारीला, सकाळी दहाला. मी कल्याणच्या बाजारातून वाण आणलं, चहाच्या प्लास्टिकच्या गाळण्या, हिरव्या, लाल, पिवळ्या, एवढं मोठं पोतं. आम्ही तिळाचे लाडू वळले, तळहात भाजून लाल झाले. गावातल्या बायकांना साकव नको होता असं थोडंच होतं? निम्म्या घरांची शेतं वहाळापलीकडे. लावणीला जाताना डोक्यावर रोपांची गाठोडी नि कमरेला पाणी, हे त्यांचं दरवर्षीचं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच. आदल्या दिवशी मी आईची निळी नायलॉनची साडी नेसून, आयुष्यातली पहिली साडी, कुंकवाचा करंडा घेऊन आमंत्रणं करायला निघाले. दारात उभं राहायचं, कुंकू लावायचं, "उद्या दहाला पंचायतीत हळदीकुंकू, घरच्या मालकांनाही घेऊन या, सभा आहे" म्हणायचं आणि पुढचं दार. बायका डोळे मिचकावत होत्या. सगळ्यांना डाव कळला होता. मी हवेत तरंगत होते. मला वाटत होतं, झालंच कॉलेज!

वहाळाच्या काठाला, पाड्यातलं पहिलं घर ठकूबायचं. ती ओटीवर सुपात तांदूळ पाखडत बसलेली. साठीची असेल, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. "गो मालू, नटूनथटून खंय निगालीस?" तिने विचारलं. तिचं माहेर खाली कोकणात, त्यामुळे ती अधूनमधून तिकडचं बोलायची. मी करंडा पदराआड केला आणि म्हणाले, "काही नाही, अशीच." आणि पुढे गेले. विचारसुद्धा केला नाही. विधवा बाईच्या दारात कुंकवाचा करंडा न्यायचा नाही, हे कुणी मला शिकवलेलं आठवत नाही, पायांनाच ते माहीत होतं. अशी दहा दारं मी गावात सोडली, अकरावं ठकूबायचं. आज हे लिहितानाही मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

दुसऱ्या दिवशी काय सांगू मौज! झेंडावंदन होऊन पोरं लिमलेटच्या गोळ्या चोखत घरी चाललेली, आणि समोरून ठेवणीतल्या साड्यांची ही मोठी रांग. पंचायतीच्या अंगणात घोळका झाला. भाऊसाहेब टेबलामागे उभे, हातात पेन, तोंड उघडं. वहीत वरच सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'आजची सभा गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात आली.' आई टेबलाशी, एका हाताने हळदीकुंकू लावतेय, दुसऱ्या हाताने वही पुढे करतेय. सही झाली की लाडू, अंगठा झाला की गाळणी. कुणी म्हणतेय, मला हिरवीच हवी. कुणी नवऱ्याला बखोट धरून आणतेय. पुरुषही वीसेक जमले. नाना मात्र आपल्या चारजणांना घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले, आत पाऊल न टाकता. आत आले तर मोजले जातील ना! आणि समोर रस्त्यापलीकडे, सायकलच्या दुकानाच्या बाकड्यावर, आमच्याकडे पाठ करून कोण? माझे बाबा. त्यांनी नानांना शब्द दिलेला, की मी मध्ये पडणार नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी भाऊसाहेबांनी सह्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "अहो, एवढ्या बायका!" आई म्हणाली. पण त्यातल्या कितीतरी माहेरवाशिणी होत्या, सणाला आलेल्या, त्यांची नावं सासरच्या यादीत. मी स्वतः साडेसतरा वर्षांची, माझी सही चालेना. मी भाऊसाहेबांना म्हटलंसुद्धा, "सहाच महिने कमी आहेत हो!" ते बिचारे कळवळून म्हणाले, "मालूताई, कायदा सहा मिनिटंसुद्धा सोडत नाही." बाहेरून नानांनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. "चला भाऊसाहेब, तहकूब करा. वाक्य लिहिलेलंच आहे."

आई मतदारांची यादी घेऊन एकेक नाव बघायला लागली आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला. "मालू," ती हळूच म्हणाली, "ठकूबाय कुठे आहे?" तिने यादीवर बोट फिरवलं, एक, दोन, चार, अकरा. "अगंबाई," ती म्हणाली, "आपण हळदीकुंकू म्हटलं, आणि या सगळ्या घरीच राहिल्या." ठकूबायचा नवरा त्याच वहाळात गेला होता. बाजारातून मीठ घेऊन येताना. साकव हवा असं म्हणायचा पहिला हक्क जिचा, तिलाच आम्ही वगळलेलं. आईने माझ्या पाठीवर थाप मारली. "पळ. माझं नाव सांग, चुकलं म्हणून सांग. पळ!"

मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि सुटले. उतार, वहाळ, छपाक्, पाड्याची चढण. ठकूबाय तशीच ओटीवर. मला धाप लागलेली. मी कसंबसं सांगितलं, बारा माणसं कमी, सभा, साकव, चला. ती जागची हलली नाही.

"काल करंडा घेऊन माज्या दारावरनं गेलीस, तवा मी नाय दिसली?" ती म्हणाली. "आज आकडा कमी पडला, तवा दिसली?"

मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं. साडी भिजलेली, केस सुटलेले, अठरा वर्षांच्या जवळची घोडी मी, पण लहान पोरीसारखी रडले. "चुकले," म्हणाले. "ठकूबाय, मी खोटं बोलले. हळदीकुंकवालाच निघालेले."

"ते काय मना कळला नाय?" ती म्हणाली. "करंडा पदराखाली लपतो होय गो?" मग ती वहाळाकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं. गेलं कॉलेज. आणि एकदम तिने सूप बाजूला सारलं, कमरेला पदर खोचला. "रडतेस काय, उठ! मी येतंय. पण सांगून ठेवतंय, वाण घेईन. सगल्यांच्या देखत घेईन. मागल्या दारानं नाय."

पुढचं काय सांगावं! ती बाई गावात शिरली तीच हाका मारत. "चला गो, चला! आज आपल्याबिगर सरकारचा चालत नाय!" दारं उघडत गेली. कुणी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली, कुणी आजारी होती तिला दोघींनी धरून आणली. अकरा जणी, पुढे ठकूबाय, मागे मी चिखलाने माखलेली. फाटकाशी नाना उभे होते, ते आपसूक बाजूला झाले. आत नाना नसताना भाऊसाहेबांना जरा धीर आलेला दिसला, कारण नाना "वेळ झाली" म्हणाले तेव्हा ते घड्याळ कानाला लावून म्हणाले, "माझ्या घड्याळात अजून सात मिनिटं आहेत, नाना." त्यांचं घड्याळ बंद पडलेलं होतं हे मला त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

आई टेबल सोडून पुढे आली आणि सगळ्यांसमोर ठकूबायच्या पाया पडायला वाकली. ठकूबायने तिला वरच्यावर धरलं. "पाया मागनं पड. अंगठा कुठं लावायचा त्यो सांग." आईचा हात करंड्याशी गेला नि अडखळला. कुंकू लावावं तर पंचाईत, न लावावं तर त्याहून पंचाईत. ठकूबायनेच सोडवलं. "कुंकू नको गो. माझं मन नाय होत. हळद लाव. हळदीला काय नवरा लागत नाय." आधी एक बाई हसली, मग सगळं अंगण. आईने तिच्या मोकळ्या कपाळाला हळदीचं बोट लावलं. तिने अंगठा उठवला, पोत्यातली लाल गाळणी स्वतः निवडून घेतली. मागच्या दहाजणींपैकी तिघींनी कुंकूही लावून घेतलं. बाकीच्यांनी हळद.

"नव्व्याण्णव," भाऊसाहेब म्हणाले. "एक कमी."

एकाच वेळी सगळ्यांच्या माना रस्त्यापलीकडे वळल्या. बाकड्यावर बाबांची पाठ. त्या पाठीलासुद्धा कळलं असावं, कारण ती ताठ झाली. नाना फाटकातून म्हणाले, "गोविंदा, उठू नकोस हां. शब्द दिलायस." आई फाटकापर्यंत गेली. आता तिने हाक मारावी तर कशी? तिने जन्मात बाबांना नावाने हाक मारलेली नव्हती, 'अहो' म्हटलं की झालं. आणि तिथे रस्त्यावर 'अहो' म्हणून नऊजणांनी वळून बघितलं असतं. तेवढ्यात मागून ठकूबायचाच खणखणीत आवाज आला, "सरपंचबाय, हळदीकुंकू हाय ना? मग नाव घे की!"

"नाव घ्या! नाव घ्या!" सगळ्या ओरडल्या. माहेरवाशिणींनी टाळ्यांचा ठेका धरला. आई लाजून लालेलाल. मग तिने डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला आणि वर्गात कविता म्हणावी तसं, सरळ बाबांच्या पाठीकडे बघत म्हणाली,

"वहाळावर हवा साकव, नको आम्हाला कमान,
गोविंदरावांचं नाव घेते, शंभराव्याचा त्यांना मान!"

काय तो गलका उठला! सायकलवाल्याच्या हातून पंप पडला. बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत की काय, पण ते हसत होते, दाबून दाबून, कान तांबडे. ते उठले. नाना म्हणाले, "अरे, शब्द?" बाबा म्हणाले, "नाना, मध्ये पडणार नाही म्हणालो होतो. बायकोनं चारचौघांत नाव घेतल्यावर बसून कसं राहायचं, तूच सांग." आणि चपला काढून, देवळात यावं तसे, आत आले. त्यांनी सही केली ती इतकी मोठी, की खालच्या दोन ओळी खाऊन टाकल्या.

भाऊसाहेबांनी सकाळी लिहिलेलं वाक्य पट्टी लावून खोडलं. जन्मात खाडाखोड न केलेला माणूस तो! मग ते पेन उचलून आईकडे बघत म्हणाले, "वहिनी, पुढे काय लिहायचं? यापुढचं कधी लिहिलंच नाही." आईने सांगितलं नि त्यांनी लिहिलं. साकवासाठी हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर झाले. कुणाकुणाच्या हातात गाळण्या होत्या, त्यासकट. शेवटी नानाही आत आले आणि त्यांनीही हात वर केला, कारण पुढची निवडणूक त्यांनाही लढवायची होती. पुढे साकवाची फीत त्यांनीच कापली. आई म्हणाली, कापू दे, कात्री तेवढी आपली परत आणा.

गावाने मृगाआधी साकव उभा केला. पुरुषांनी दगड वाहिले, बायकांनी रेती. बाबा रोज संध्याकाळी जाऊन त्याच्यावर उड्या मारून बघायचे, टिकतो का. बारावीचा निकाल लागला, मला प्रवेश मिळाला. तरी बाबांनी 'जा' असं तोंडाने म्हटलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दोघंही वहाळाची वाट बघत होतो.

आषाढात तो फुगला. रात्रभर त्याचा आवाज घरात होता. सकाळी मी डबा भरून, दप्तर घेऊन ओटीवर आले तर बाबा घरात नव्हते. उतारावर आले तर ते साकवाच्या तोंडाशी छत्री घेऊन उभे. खालून तांबडं पाणी झाडं ओढत चाललेलं. त्यांनी माझं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि म्हणाले, "चल, गाडी चुकेल."

साकवाच्या मधोमध ठकूबाय बसलेली, डोक्यावर इरलं, पाय खाली सोडलेले, जिथे तिचा माणूस गेला त्या पाण्याकडे बघत. आम्ही जवळ आलो तशी ती पाय वर घेऊन सरकली, मला जागा करून दिली. मी तिच्या बाजूने जाणार तेवढ्यात तिने माझ्या घोट्याला धरलं. मी थांबले. तिने आपला अंगठा वर करून माझ्यापुढे धरला. पावसाने ओला, शेणामातीने फुटलेला.

"याच्यावरनं चाललीस पोरी," ती म्हणाली. "नीट चाल."